वार्षिक गोलमेज परिषद : यजमान विद्यापीठाची पूर्वतयारी

'गोलमेज परिषद' हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला तो १९३० ते १९३२ या काळात लंडन येथे भरलेल्या तीन परिषदांमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या तिन्ही परिषदांना उपस्थित होते. ज्यांच्या भवितव्याचा विचार व्हावयाचा, त्यांना चर्चेत स्वतःचे स्थान असले पाहिजे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. विद्यापीठात दरवर्षी भरणाऱ्या गोलमेज परिषदेची आखणी करतानाही हीच कसोटी लावावयास हवी.

खानदेशापुरते पाहिले तर अशा परिषदेचे स्वाभाविक यजमान म्हणजे जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होय. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या क्षेत्रात जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेला नंदुरबार हे जिल्हे येतात. लहान गावी विद्वानांचा मेळ घालण्याची परंपराही या भागात आहे. प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेव्हा देशातील अभ्यासक तेथे येऊन राहत, वाचत आणि चर्चा करीत.

यजमान एक वर्ष आधी

वार्षिक परिषदेचे पहिले काम म्हणजे पुढील यजमान निश्चित करणे. १९१४ साली कोलकाता येथे सुरू झालेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात पार पडले; परंतु त्यापुढील अधिवेशन जानेवारी २०२४ मध्ये ठरल्याप्रमाणे भरू शकले नाही. दीर्घ परंपरा असलेल्या संस्थेलाही खंड पडतो, तेथे नव्या परिषदेने अधिक दक्ष राहावे. चालू परिषदेच्या समारोपातच पुढील वर्षाचे विद्यापीठ, विषय आणि निधीची जबाबदारी यांची लेखी नोंद व्हावी.

तिथी कोणाच्या सोयीची?

नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे गाव घ्या. 'ग्रामीण शिक्षण' या विषयावरील परिषदेस तेथील शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी यावे, असे आपण म्हणतो. पण जून-जुलैत पेरणी, दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी आणि मिरचीचा हंगाम, मार्चमध्ये परीक्षा. सातपुड्यातील अनेक मजूर कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि मुलांची शाळा सुटते. या मुलांचा प्रश्न चर्चेस घ्यावयाचा आणि परिषद जानेवारीत भरवावयाची, तर पालकांची खुर्ची रिकामीच राहणार. गणेशोत्सवानंतरचा, नवरात्रापूर्वीचा पंधरवडा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. पेरणी-निंदणी उरकलेली असते, स्थलांतर सुरू झालेले नसते आणि पितृपक्षामुळे लग्नकार्येही नसतात.

विषय, संख्या व भाषा

गोलमेज परिषद म्हणजे अधिवेशन नव्हे. पंचवीस-तीस सभासद आणि एकच नेमका प्रश्न, एवढी मर्यादा असली तर प्रत्येकास बोलता येते. निबंध महिनाभर आधी सर्वांकडे पोहोचावेत. सभेत त्यांचे वाचन न करता चर्चा व्हावी. प्रत्येक निबंधाचा दोन पानी मराठी सारांश आवश्यक समजावा. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या प्रतिनिधीस स्वभाषेत बोलण्याची मुभा असावी आणि दुभाष्याचे काम त्या भागातील शिक्षकाकडे सोपवावे. एखादी बैठक जळगावऐवजी नंदुरबारला घेतल्यास डोंगराळ तालुक्यांतील मंडळींचा प्रवास बराच कमी होईल.

अंदाजपत्रक

निवास, भोजन, प्रवास आणि छपाई ही खर्चाची नेहमीची सदरे होत. प्राध्यापकांचा प्रवासखर्च बहुधा त्यांची संस्था देते. शेतमजूर असलेल्या सदस्याची मात्र दोन दिवसांची मजुरी बुडते. त्यासाठी स्वतंत्र तरतूद करून भत्ता परिषदेच्या जागीच द्यावा. हार, स्मृतिचिन्हे व मंडप यांवरील खर्च कमी केल्यास ही रक्कम उभी करणे कठीण नाही.

इतिवृत्त आणि अनुपालन

ग्रामपंचायतीच्या सभेत प्रथम मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. विद्यापीठीय परिषदांनीही हा साधा नियम स्वीकारावा. प्रत्येक ठरावासमोर जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहावी, इतिवृत्त महिनाभरात सर्व सहभागी गावांना पाठवावे आणि ते ग्रामसभेत वाचले जावे. पुढील वर्षीची परिषद अनुपालन अहवालाने सुरू व्हावी. गेल्या वर्षी काय ठरले आणि त्यातील काय झाले, हे रनाळ्याच्या शिक्षकाला विचारता आले, तर परिषद दरवर्षी भरविण्याचे सार्थक होईल.