इंटरनेट रेडिओचा धंदा : आधी हिशेब, मग माईक



भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या गावांत रेडिओ-टेप दुरुस्त करणारे, लाऊडस्पीकर भाड्याने देणारे आणि कॅसेटी विकणारे पुष्कळ होते. मोबाईल आला आणि यातली बरीच कामे गेली. हातात कसब आहे, पण गिऱ्हाईक नाही. अशा वेळी एखादा तरुण विचारतो की, इंटरनेटवर आपले स्वतःचे रेडिओ केंद्र काढता येईल काय? काढता येईल. मात्र साठवलेला पैसा त्यात घालण्याआधी हा पाठ वाचावा.

१. हवेतला रेडिओ आणि इंटरनेटचा रेडिओ

खासगी एफ.एम. केंद्रासाठी सरकारी लिलावात बोली लावावी लागते. सामुदायिक रेडिओची वाट २००६ साली स्वयंसेवी संस्थांना खुली झाली, पण ती नफ्यासाठी नाही. एकट्या माणसाला किंवा दुकानाला तो परवाना मिळत नाही. इंटरनेट केंद्र हवेतल्या लहरी वापरत नाही, म्हणून त्याला लहरींचा परवाना लागत नाही. एक संगणक, एक माईक, आवाज मिसळण्याचे यंत्र आणि भाड्याने घेतलेला सर्व्हर एवढ्यावर काम सुरू होते.

येथेच एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. हवेतल्या केंद्राचे श्रोते शंभर असोत की लाख, मनोऱ्याचा खर्च तोच राहतो. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्याला वेगळा माल पोचवावा लागतो. सेकंदाला ६४ किलोबिट या साध्या दर्जाने एक श्रोता तासाला सुमारे २९ मेगाबाईट घेतो. शंभर श्रोत्यांनी रोज दहा तास ऐकले, तर महिन्याला ८६० गिगाबाईटच्या वर माल जातो. म्हणजे श्रोते वाढले की खर्चही वाढतो. सर्व्हरवाल्याशी दर ठरवताना हा आकडा समोर ठेवावा.

२. सिनेमाची गाणी लावावीत काय?

बहुतेकांची चूक येथे होते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन प्रसारण केंद्रांना एक सोय मिळाली. ठरलेला दर भरला की मालकाच्या मर्जीवाचून गाणे लावता येते. परंतु २०१९ साली टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ही सोय इंटरनेटला लागू नाही असे ठरवले. २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केले. म्हणजे इंटरनेट केंद्राने प्रत्येक कंपनीशी स्वतः करार करावा आणि ती मागेल ती किंमत द्यावी. छोट्या भांडवलाला हे झेपणारे नाही.

म्हणून छोट्या माणसाला वेगळ्या संगीताची वाट सोयीची आहे. ज्या गायक-वादकांचे ध्वनिमुद्रण कंपनीच्या ताब्यात नाही, त्यांच्याशी समोरासमोर बसून व्यवहार करता येतो. रेडिओ सिटी या कंपनीने 'फ्रीडम' नावाचे इंटरनेट केंद्र अशा स्वतंत्र कलावंतांसाठीच काढले होते आणि २०१३ मध्ये त्याच नावाचे पुरस्कारही सुरू केले.

३. आपल्याकडचा माल

शहरात वेगळे संगीत म्हणजे रॉक किंवा जॅझ. आपल्या जिल्ह्यात ते झाडीपट्टीचे नाटक, दंडार, खडी गंमत आणि कव्वालीच्या मैफिलीत आहे. धानाची कापणी आटोपली की साकोली-लाखांदूरकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, इतका हा माल कसदार आहे. पण तो लोकांचा म्हणून फुकटचा समजू नये. जुनी पारंपरिक चाल सर्वांची असेल, तरी नव्या गीताचा हक्क लिहिणाऱ्याचा, नव्या चालीचा संगीतकाराचा आणि गायिलेल्या आवाजाचा गायकाचा असतो. तिघांची लेखी संमती घ्यावी. तीत मोबदला, मुदत आणि इंटरनेटवर वाजवण्याची परवानगी स्पष्ट लिहावी. तोंडी 'हो' वर धंदा उभा करू नये.

४. वर्ल्डस्पेसचा धडा

वर्ल्डस्पेस ही परदेशी कंपनी उपग्रहावरून डिजिटल रेडिओ देत असे. तिचा एशियास्टार उपग्रह २००० साली आकाशात गेला. 'गंधर्व' वाहिनीवर हिंदुस्थानी संगीत, 'श्रुती'वर कर्नाटक संगीत, शिवाय जॅझची वेगळी वाहिनी, असा निवडक माल होता. ऐकणारे खूश होते. तरीही २००८ साली अमेरिकेत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबली. तिचे खास रेडिओ संच दुसरे डिजिटल केंद्र पकडत नव्हते, त्यामुळे हजारो रुपयांची वस्तू मुकी झाली.

माल चांगला असला म्हणून धंदा टिकतोच असे नाही. खर्चाचा बोजा आकाशाएवढा आणि वर्गणीदार मोजके, तर गोडी कामास येत नाही. दुकानदारानेही ध्यानात घ्यावे की, एकाच कंपनीच्या सेवेवर चालणारी वस्तू मोठ्या संख्येने भरून ठेवण्यात जोखीम असते.

५. सुरुवात कशी करावी?

कर्ज काढू नये. आपले दुरुस्तीचे किंवा स्पीकरचे चालू काम सोडू नये. पहिले सहा महिने संध्याकाळचे दोनच तास केंद्र चालवावे. जाहिरात गावच्याच भांड्याच्या, कापडाच्या, धानाच्या व्यापाऱ्याकडून मागावी आणि त्याला श्रोत्यांचा खरा आकडा दाखवावा, फुगवलेला नव्हे. दर महिन्याला एका वहीत तीन रकाने भरावेत : कलावंतांना दिले किती, सर्व्हरला गेले किती, जाहिरातीचे आले किती. सहा महिन्यांनी तिसरा रकाना पहिल्या दोहोंच्या बेरजेइतका झाला, तर वेळ वाढवावी. झाला नाही, तर हौस म्हणून चालवावे; पोटाचा धंदा म्हणून नव्हे.