गडावरच्या मुक्कामात काय शिजवाल?

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की आमच्या गावातील तरुण मंडळी पाठपिशव्या भरून गडांच्या वाटेला लागतात. अलीकडे चाळिशी ओलांडलेले नोकरदार आणि महिला मंडळेही तंबू घेऊन मुक्कामाला जाऊ लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. चालण्यासारखा दुसरा व्यायाम नाही. मात्र दर हिवाळ्यात सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात उलट्या-जुलाबांनी हैराण झालेले दोघे-चौघे असतात, ते आदल्या दिवशीच गड उतरलेले असतात. काय खाल्ले, असे विचारले की उत्तरे बहुधा ठरलेली. गावातून नेलेली कोंबडी, रात्रीचा उरलेला भात, टाक्यातले पाणी. म्हणून या आठवड्यात मुक्कामाच्या जेवणाविषयी लिहितो आहे.

पाच-सहा तास चढून आलेल्या माणसाच्या शरीरात पाणी आणि मीठ कमी झालेले असते, स्नायूंतील साखरेचा साठाही बराच उतरलेला असतो. श्रमाच्या वेळी रक्तपुरवठा स्नायूंकडे वळतो, त्यामुळे पचनाचे काम मंदावते. अशा वेळी तेलकट रस्सा किंवा नुसती फरसाणाची पिशवी पोटाला जड जाते. या वेळी हवे ते गरम, मऊ, पातळसर आणि थोडे खारट अन्न. मूगडाळीची खिचडी, पिठले-भात, मेतकूट घातलेला गुरगुट्या भात, तांदळाची पेज. आजारी माणसाला आपली आजी जे देत असे तेच दमलेल्या माणसालाही मानवते. शिवाय थंडीत कुडकुडत बसलेल्या मंडळींच्या हाती वाफाळती ताटली आली की निम्मा शीण तिथेच उतरतो.

आता एक अडचण. गडावर डाळ शिजत नाही, अशी तक्रार अनेकजण करतात आणि ती खरी आहे. आपण जसजसे उंच जातो तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळू लागते. ढोबळ हिशेब असा की, दर ३०० मीटर उंचीमागे सुमारे १ अंश सेल्सिअस. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगड सुमारे १,४२० मीटर उंच आहे. तेथे पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. कळसूबाईवर (१,६४६ मीटर) आणखी थोडे कमी. चूल कितीही पेटवली तरी उघड्या भांड्यातील पाणी त्यापुढे तापत नाही, फक्त आटते. तुरीची डाळ, राजमा, हरभरे यांच्या नादी तेथे लागू नये. चौघांत मिळून लहान कुकर नेता आला तर उत्तमच, कारण कुकरमध्ये दाब वाढून तापमान १०० अंशांच्या बरेच वर जाते. कुकर नसेल तर मुगाची डाळ, मसूर, बेसन, रवा आणि पोहे ही पाच माणसे भरवशाची!

खिचडीची तयारी घरीच

चौघांसाठी १५० मिलिलिटरच्या वाटीने ३ वाट्या तांदूळ आणि दीड वाटी मूगडाळ घ्यावी. डाळ कोरडीच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावी. भाजलेली डाळ लवकर शिजते आणि पिशवीत टिकतेही. तांदूळ आदल्या दिवशी धुऊन सावलीत पूर्ण वाळवावेत, म्हणजे गडावर धुण्याचे पाणी वाचते. तांदूळ, डाळ, हळद, गोडा मसाला आणि मीठ एकाच पिशवीत भरून ठेवावे. लसूण, कांदे, मिरच्या न चिरता न्याव्यात. तेल आणि तूप घट्ट झाकणाच्या बाटलीत. मूठभर भाजलेले शेंगदाणे वेगळे ठेवावेत.

भांडे किमान ५ लिटरचे आणि झाकणाचे असावे. मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण यांची फोडणी करून तीत पिशवीतील मिश्रण दोन मिनिटे परतावे आणि चौपट, म्हणजे १८ वाट्या गरम पाणी ओतावे. उकळी आली की झाकण ठेवून १२ ते १५ मिनिटे शिजू द्यावे. मग इंधन वाचवण्याची एक जुनी युक्ती करावी. भांडे चुलीवरून उतरवून, झाकण न उघडता, जाड टॉवेल आणि दोन स्वेटर यांत घट्ट गुंडाळून अर्धा-पाऊण तास ठेवावे. आतील उष्णतेवरच डाळ-तांदूळ मऊ होतात. तेवढ्या वेळात तंबू उभारून होतो. वाढताना वर चमचाभर तूप आणि शेंगदाणे. डाळ, तांदूळ आणि शेंगदाणे मिळून चांगली प्रथिने मिळतात, तुपाने ऊर्जा मिळते आणि पोट रात्रभर भरलेले राहते.

पिठले तर याहून सोपे. बेसन घरीच कोरडे भाजून न्यावे. १ वाटी बेसनाला ३ वाट्या पाणी, फोडणी, दहा मिनिटे. हरिश्चंद्रगडावर पाचनईची मंडळी गरम पिठले-भाकरी करून देतात. ती मिळत असेल तर निमूटपणे तीच खावी, स्वयंपाकाचा हट्ट धरू नये. सकाळी भाजून नेलेल्या रव्याचा उपमा किंवा नाचणीची आंबील पुरते. झटपट शेवया आणूच नयेत असे मी म्हणत नाही. मुलांना त्या आवडतात. पण त्यांत मीठ भरपूर आणि प्रथिने थोडी, म्हणून एक वेळ, तीही दाणे घालून.

उरलेला भात

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे असतात. भात शिजला तरी ती मरत नाहीत. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी फोडणी दिली तरी हे विष नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात, म्हणजे नेमक्या गड उतरताना, कड्याच्या वाटेवर. भात-खिचडी शिजल्यावर दोन तासांच्या आत संपवावी, रात्री संपेल तेवढीच शिजवावी. गुंडाळून ठेवलेले भांडे चांगले कढत असतानाच उघडून वाढावे, सकाळसाठी तसेच ठेवू नये. अन्न टाकणे जिवावर येते हे मला समजते, पण उरलेला भात सकाळी खाऊ नये. कच्ची कोंबडी किंवा मटण सहा तास पिशवीत वागवून वर नेणे हाही याच जातीचा धोका आहे.

गडावरच्या टाक्यांतील पाणी नितळ दिसले तरी चार पदरी फडक्यातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळून मगच प्यावे. इंधन कमी असेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात आणि पाणी अर्धा तास ठेवावे. स्वयंपाक करणाऱ्याने साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

तंबूत स्टोव्ह पेटवू नये, शेकोटीतले निखारे ऊब म्हणून आत आणू नयेत. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस जागा होत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथे जंगलात चूल पेटवण्याचा विचार सोडावा आणि मुक्कामाचे नियम वनखात्याकडे आधी विचारावेत.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे आणि सोबत्यांना त्याची कल्पना द्यावी. घाम सुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलू लागला तर शुद्धीवर असेपर्यंत प्रथम साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. रक्तदाब असलेल्यांनी पापड, लोणचे, फरसाण यांवर हात आवरता घ्यावा.

इतके करूनही कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले, तर उकळून थंड केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे. मीठ चमच्याने मोजूनच घालावे, अंदाजाने नको. जलसंजीवनीची पाकिटे जवळ असतील तर तीच वापरावीत. तांदळाची पातळ खारट पेजही चालते, मात्र ताजी. सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले, उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरेना किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर उजाडण्याची वाट पाहत वेळ काढू नये. गडावरच्या गावकऱ्यांना उठवावे, त्यांना वाट माहीत असते, आणि रुग्णाला खाली उतरवून जवळच्या दवाखान्यात न्यावे.