नॉटविथस्टँडिंग दिसलं की तिथं थांब

अगं, परवा तू फोनवर विचारलंस, “आत्या, या नॉटविथस्टँडिंगचा अर्थ काय गं?” आणि मी घाईघाईत “असं असलं तरी” एवढंच सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध होतं. अर्थ चुकीचा नव्हता, पण तेवढ्या भरवशावर तू भाड्याच्या फ्लॅटच्या करारावर सही केलीस तर पस्तावशील. म्हणून आता नीट सांगते.

बँकेतली माझी निम्मी नोकरी गॅरंटीच्या टेबलावर गेली. पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडक्लार्कनी बजावलं होतं, “कागद हातात आला की पहिल्या पानापासून वाचत सुटायचं नाही. आधी हा शब्द कुठं बसलाय ते शोधायचं.” मला ते तेव्हा विक्षिप्तपणाचं वाटलं. पण बँक गॅरंटीचा कागद बघ. वरची कलमं कशी दिलदार असतात! मागताक्षणी पैसे देऊ, हरकत घेणार नाही, कारण विचारणार नाही. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एक परिच्छेद येतो : ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड हिअरइन’. त्याच्याखाली तीन ओळी. आमची जबाबदारी अमुक रकमेपुरतीच, गॅरंटी अमुक तारखेपर्यंतच, आणि लेखी मागणी अमुक तारखेच्या आत पोचली नाही तर आम्ही मोकळे. एकदा एक गृहस्थ ती तारीख उलटून गेल्यावर आले होते. वरच्या कलमांवर बोट ठेवून मला मोठ्यानं वाचून दाखवत होते. शेवटचं पान त्यांनी उलटलंच नव्हतं. पैसे मिळाले नाहीत.

तर हा शब्द असा आहे. ‘इतर ठिकाणी काहीही लिहिलेलं असो, भांडण लागलं तर माझं चालेल,’ असं म्हणणारा. लॅटिनमधल्या ‘नॉन ऑब्स्टांटे’चा हा इंग्रजी अवतार : वाटेत आडवं न येता. वकील अजून या कलमाला नॉन ऑब्स्टांटे क्लॉजच म्हणतात. आपल्या मराठी कायद्यांत त्याच्या जागी ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ असं येतं. सगळी गंमत त्या ‘तरी’त आहे. फक्त आपला ‘तरी’ मागून येतो आणि इंग्रजीतला बहुतेक वेळा पुढं येऊन बसतो, म्हणून वाचताना आपण अडखळतो. वाक्य उलटं करून शेवटी ‘तरी’ लाव, लगेच उलगडेल.

शब्द केवढा जबरदस्त आहे ते राज्यघटनेत बघ. कलम ३४३ मध्ये पहिल्यांदा म्हटलंय, संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी. लगेच दुसऱ्या खंडात नॉटविथस्टँडिंग, आणि इंग्रजीला पंधरा वर्षं मुक्काम. पंधरा वर्षं संपत आली तर १९६३ चा राजभाषा कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमाची सुरुवातही याच शब्दानं : पंधरा वर्षांची मुदत संपली तरी इंग्रजी चालू राहू शकेल. उच्च न्यायालयात इंग्रजी का, तर कलम ३४८, तिथंही पहिला शब्द हाच. म्हणजे या देशाच्या कारभारात इंग्रजी टिकली ती या एका इंग्रजी शब्दाच्या आधारानं, असं मी म्हणते. तुझे काका हसतात, हसू देत.

आता तुझ्या कामाचं. शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारायचा : कशावर मात करतोय? पुढं ‘इन धिस क्लॉज’ असेल तर त्या कलमापुरतीच त्याची सत्ता. ‘हिअरइन’ किंवा ‘इन धिस ॲग्रीमेंट’ असेल तर अख्खा करार त्याच्या टाचेखाली. तू फोनवर करार वाचून दाखवलास, त्यात तिसऱ्या कलमात अकरा महिने दिलेत, आणि चौदाव्यात हा शब्द घालून मालकाला कधीही एक महिन्याच्या नोटिशीवर जागा रिकामी करून घेता येईल असं लिहिलंय. मग तुझे अकरा महिने कुठं राहिले? एकच महिना, तोही रोज पुढं सरकणारा.

दुसरं. खासगी कागदातला नॉटविथस्टँडिंग कायद्यानं सक्तीचं केलेलं पुसू शकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ वाच. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ‘नोंदणी नको, आपण आपसात समजून घेऊ’ म्हणाले तर हसून नकार दे. पण त्याच कायद्याचं कलम २४ मालकाच्या बाजूचं आहे, हेही ठाऊक असू दे. तेही या शब्दानंच सुरू होतं. मुदत संपल्यावर राहायला घेतलेली जागा सोडावीच लागते, नाहीतर दुप्पट दरानं भरपाई.

आणि ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे याच्या बरोब्बर उलट. तो शब्द असलेलं कलम दुसऱ्याच्या अधीन असतं, मान खाली घालून उभं. दोघांची गल्लत मी भल्याभल्यांना करताना पाहिली आहे.

स्वतः लिहिताना मात्र हा शब्द वापरू नकोस. ऑफिसच्या मेलमध्ये ‘डिस्पाइट’ पुरतं. वापरायचाच झाला तर सलग एक शब्द लिही, तीन तुकडे नकोत, आणि त्याच्यामागं ‘ऑफ’ लावू नकोस. नामाच्या नंतरही तो चालतो : ‘ऑब्जेक्शन्स नॉटविथस्टँडिंग’, म्हणजे हरकती असल्या तरी. तिथं तो अगदी मराठी वळणानं येतो, म्हणून मला तो प्रयोग आवडतो.

मालकांशी चौदाव्या कलमाबद्दल बोलून घे. निदान पहिले सहा महिने नोटीस देणार नाही, एवढं तरी त्याच कलमात लिहून घे. शनिवारी येशील तेव्हा मसुद्याची प्रिंट काढून आण. मोबाइलवर मला दिसत नाही.