विस्मृतीचा रोग

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आणलेल्या ५१ वर्षांच्या एका स्त्रीस स्वतःचे नावही धड लिहिता येईना. १९०६ मध्ये ती निवर्तल्यावर डॉ. अलॉइस आल्झायमर यांना तिच्या आक्रसलेल्या मेंदूत विचित्र गाठी आढळल्या. त्यांच्याच नावाने हा रोग ओळखला जातो.

चष्मा कोठे ठेवला हे आजोबा विसरले, तर तो वार्धक्याचा धर्म होय. परंतु नित्याच्या वाटेवर ते चुकू लागले, तर त्यांस डॉक्टरांकडे न्यावे. त्यांच्यावर रागावणे अगदीच अन्यायाचे! रोग अद्याप बरा होत नाही. मात्र रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवल्याने, तंबाखू सोडल्याने व रोज चालल्याने त्याचा धोका घटतो. ऐकू कमी येणाऱ्या वृद्धास श्रवणयंत्र द्यावे. संभाषण तुटले की मेंदूचे कामही मंदावते.