एकट्याने सागरपर्यटन : सोबत्याची पाच कामे

भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटीत चढणारा चाकरमानी क्वचितच एकटा असे. आळीतला किंवा शेजारच्या वाडीतला कुणी ना कुणी वळकटी पसरून बसलेला भेटे आणि सामानाची राखण, डब्यातला घास व रात्रभराच्या गप्पा यांची सोय आपोआप होई. त्या आगबोटी इतिहासजमा झाल्या. समुद्रप्रवास मात्र निराळ्या रूपाने परत आला. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही पर्यटक बोट काही काळ धावली. २०२१ च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून पर्यटकांना घेऊन निघू लागले. सिंगापूरहून निघणाऱ्या किंवा भूमध्य समुद्रातील सफरीही आता मध्यमवर्गीयांच्या बेतात येऊ लागल्या आहेत.

या सफरींच्या जाहिरातींत बहुधा जोडपी आणि कुटुंबे दिसतात. पण प्रवासाची इच्छा काही जोडीनेच जन्माला येत नाही. नोकरीतून निवृत्त झालेले, मुले परगावी किंवा परदेशी असलेले, जोडीदार गमावलेले, अविवाहित राहिलेले असे अनेक जण ‘सोबत मिळाली की जाऊ’ म्हणत वर्षे घालवतात. वास्तविक एकट्या प्रवाशाला जलपर्यटन पुष्कळ सोयीचे असते. सामान एकदाच लावायचे, रोज नवे हॉटेल शोधायचे नाही, रात्री अनोळखी शहरात वाहनासाठी ताटकळायचे नाही आणि जेवणाची भ्रांत तर नाहीच.

मग अडते कुठे? सोबती प्रवासात न बोलता काही कामे करीत असतो. तो नसला की ती कामे कुणीच करीत नाही, आणि हे पुष्कळदा अडचण आल्यावरच लक्षात येते. ती कामे कोणती हे आधीच ओळखून त्यांची पर्यायी व्यवस्था लावणे, हीच एकट्या प्रवाशाची खरी पूर्वतयारी होय.

पहिले काम : भाड्याचा वाटा उचलणे

जहाजाचे भाडे ‘प्रतिव्यक्ती’ छापलेले असले, तरी एका केबिनमध्ये दोन प्रवासी राहतील असे गृहीत धरून ते काढलेले असते. एकच प्रवासी असेल तर रिकाम्या जागेपोटी अधिभार घेतला जातो. त्याला ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणतात. काही सफरींत तो थोडका असतो, तर काहींत मूळ भाड्याच्या शंभर टक्क्यांपर्यंत जातो. बंदरशुल्क आणि सरकारी कर मात्र सामान्यतः माणशी असतात. ते दुप्पट लावले आहेत का, हे पावतीत अवश्य पाहावे.

समजा, एका सफरीचे मूळ भाडे ३०,००० रुपये आणि बंदरशुल्क व कर ८,००० रुपये आहेत. दोघे गेल्यास प्रत्येकी ३८,००० रुपये पडतील. एकट्याला ७५ टक्के अधिभार लागल्यास २२,५०० रुपये वाढून रक्कम ६०,५०० रुपये होईल, म्हणजे सुमारे ५९ टक्के अधिक. यात जहाजावरील सेवकांसाठी दररोज माणशी आकारली जाणारी बक्षिसी, किनाऱ्यावरील सहली आणि बंदरापर्यंतचा प्रवास धरलेला नाही. म्हणून मूळ भाडे, अधिभार, कर-शुल्क आणि बक्षिसी हे चारही आकडे आरक्षणापूर्वी लेखी मागून घ्यावेत.

जोडीदार गमावलेल्या व्यक्तीला हा अधिभार केवळ खिशाला लागत नाही. रिकाम्या उशीचे भाडे भरत असल्याची बोच मनालाही लागते. अशा वेळी त्यामागचा व्यवहार समजून घेतलेला बरा. जहाज कंपनीची मिळकत तिकिटाबरोबरच प्रवासी जहाजावर जो खर्च करतात त्यातूनही होत असते. एक जागा रिकामी गेली की कंपनीची दोन्हीकडची मिळकत बुडते आणि तिची भरपाई ती अधिभारातून करते.

यावर उपाय आहेत. २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी सुमारे १०० चौरस फुटांच्या १२८ लहान केबिन बांधण्यात आल्या आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र बैठकीचे दालनही ठेवण्यात आले. पुढे इतर काही कंपन्यांनीही एकट्यासाठी केबिन ठेवण्यास सुरुवात केली. अशा केबिन थोड्या असल्याने लवकर भरतात. म्हणून आरक्षण कित्येक महिने आधी करावे. ज्यांच्या तारखा लवचिक आहेत त्यांनी गर्दीचा हंगाम टाळावा. जागा शिल्लक असल्या की काही कंपन्या अधिभार कमी करतात. आणि खर्च आधी ठरला की बचतही आखता येते. दरमहा ३,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते दोन वर्षे चालवल्यास ७२,००० रुपये मुद्दल व त्यावरील व्याज हाती येते. वरील उदाहरणातील सफर कर्जाविना आणि क्रेडिट कार्डाच्या थकबाकीविना होऊ शकते.

दुसरे काम : दुसरे पाकीट बाळगणे

दोघे असताना एकाचे पाकीट हरवले तरी दुसऱ्याचे असते. एकट्याने ही सोय मुद्दाम करावी लागते. दोन वेगवेगळ्या खात्यांची दोन कार्डे असावीत; एक अंगावर आणि दुसरे केबिनमधील तिजोरीत ठेवावे. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि विमापत्र यांच्या प्रतींचा एक संच सामानात आणि एक घरी विश्वासू व्यक्तीकडे असावा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नवे कार्ड सुरुवातीला देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः चालू करून मर्यादा ठरवायची असते. हे काम घरीच उरकावे. भर समुद्रात मोबाइलला नेटवर्क नसते, त्यामुळे एसएमएसवर येणारा ओटीपी मिळेलच असे नाही. विजेचे देयक, विम्याचा हप्ता, कर्जाचा हप्ता यांच्या तारखा सफरीच्या काळात येत असतील, तर रक्कम आधी भरावी किंवा खात्यात पुरेशी शिल्लक ठेवून स्थायी सूचना द्यावी.

जहाजावरील व्यवहार बहुधा रोकडविरहित असतात. केबिनचे दार उघडणाऱ्या कार्डावरच खर्च चढत जातो आणि शेवटी नोंदवलेल्या बँक कार्डातून वसूल होतो. डेबिट कार्ड नोंदवल्यास काही रक्कम आगाऊ अडकवून ठेवली जाते आणि ती मोकळी होण्यास काही दिवस लागू शकतात. रोजचा हिशेब पाहणारे दुसरे कुणी नसल्याने प्रवाशाने एक दिवसाआड आपल्या खर्चाचा उतारा पाहावा. बंदरावरील दुकानात ‘रक्कम रुपयांत आकारू का?’ असे विचारले गेल्यास नकार देऊन स्थानिक चलनातच पैसे द्यावेत. रुपयांत रूपांतर करताना दुकानाकडून लावला जाणारा दर बहुधा महाग पडतो.

जहाजावर कधी कधी उपग्रहामार्फत मोबाइल नेटवर्क मिळते, पण नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये ते सहसा येत नाही आणि काही मिनिटांचेही मोठे देयक होऊ शकते. जहाज निघताच फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकणे हिताचे.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर ‘टीसीएस’ हा कर उगमस्थानी गोळा केला जातो. त्याचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आरक्षणाच्या दिवशीचा दर विचारावा. ही रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात जमेस धरता येते. त्यासाठी पॅन क्रमांक बिनचूक द्यावा आणि पावती जपून ठेवावी.

व्हिसाबाबत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ग्रीसच्या पिरेयस बंदरातून निघालेले जहाज तुर्कस्तानच्या कुशादासीला जाऊन परत ग्रीसमध्ये येते, तेव्हा प्रवासी शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत येतो. अशा सफरीसाठी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. अनेक प्रवेशांचा लागतो. परतीनंतर किमान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी.

तिसरे काम : वाट पाहणे

‘अजून कसा आला नाही?’ हा प्रश्न विचारणारे माणूस असणे ही प्रवासातील सर्वांत मोठी सुरक्षितता आहे. जहाजावरून उतरताना आणि चढताना कार्डाची नोंद होते, त्यामुळे कोण परतले नाही हे जहाजाला कळते. परंतु जहाज त्याच्यासाठी थांबेलच असे नाही. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाल्यास जहाज बहुधा थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची व्यवस्था करते. स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्याला मात्र पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते.

येथे घड्याळ दगा देऊ शकते. सिंगापूर आणि थायलंड यांच्या वेळेत एक तासाचे अंतर आहे. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल, तर फुकेतच्या बाजारात फोन चार वाजल्याचे दाखवीत असताना जहाजावर पाच वाजलेले असतात. म्हणून जहाजाच्या वेळेवर लावलेले साधे मनगटी घड्याळ बाळगावे आणि परतण्याच्या शेवटच्या वेळेआधी किमान एक तास बंदरावर पोहोचावे. उतरताना पासपोर्टची प्रत, एक कार्ड, थोडे स्थानिक चलन, दिवसाची औषधे आणि बंदरातील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा. पासपोर्ट बाळगण्याबाबत त्या बंदरासाठी जहाजाने दिलेली सूचना पाळावी.

घरच्या एका व्यक्तीशी निरोपाचा नेम ठरवावा. प्रत्येक बंदरावर एक संदेश पाठवायचा आणि ज्या दिवशी जहाज समुद्रात असेल तो दिवस आधीच सांगून ठेवायचा. संदेश आला नाही तर त्या व्यक्तीने कुणाला विचारायचे, हेही लिहून द्यावे.

१३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या अनेकांची आपत्कालीन कवायत झालेली नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. तिला कंटाळवाणा उपचार समजू नये. रात्री हाक मारून उठवणारे कुणी नसलेल्या प्रवाशाने आपले एकत्र जमण्याचे ठिकाण गाठेपर्यंतचा रस्ता एकदा स्वतः चालून पाहावा.

केबिनचा क्रमांक चारचौघांत मोठ्याने सांगू नये, दार उघडण्यापूर्वी कोण आहे ते पाहावे आणि ‘मी एकटाच आहे’ किंवा ‘एकटीच आहे’ ही माहिती अनोळखी माणसाला देऊ नये.

चौथे काम : उशाशी बसणे

जहाजावर डॉक्टर असतात, पण उपचार बहुधा सशुल्क असतात आणि घरच्या आरोग्यविम्याचा तेथे उपयोग होईलच असे नाही. गंभीर आजारात रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा जवळच्या बंदरावर उतरवून हलवावे लागते. हा खर्च सफरीच्या खर्चाच्या कित्येक पट होऊ शकतो. म्हणून प्रवासविमा घेताना त्यात जलपर्यटन समाविष्ट आहे का, रुग्णाला हलवण्याचा खर्च मिळतो का, जहाज चुकल्यास भरपाई आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. रक्तदाब, मधुमेह यांसारखे आजार लपवू नयेत. लपवलेला आजार हे दावा नाकारण्याचे कारण ठरते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यकच असतो.

बंदरावर सोपवलेले सामान केबिनमध्ये पोहोचण्यास काही तास लागतात. त्यामुळे औषधे हातातल्या पिशवीत असावीत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि रक्तगट, ॲलर्जी व घरचा संपर्क लिहिलेले कार्ड ठेवावे. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची केबिन घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांवर हात साबणाने धुणे हाच भरवशाचा प्रतिबंध आहे. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर त्यावर फारसे चालत नाही.

पाचवे काम : समोर बसून जेवणे

दिवस पाहण्यात निघून जातो; एकटेपणा जाणवतो तो रात्रीच्या जेवणाला. पुष्कळ प्रवासी संकोचाने केबिनमध्येच ताट मागवतात आणि तेथेच सफरीचा अर्धा आनंद गमावतात. आरक्षण करतानाच सामायिक टेबल मागावे. ठरलेल्या वेळेचे, ठरलेल्या टेबलावरचे जेवण निवडले, तर तेच चेहरे रोज भेटतात आणि तिसऱ्या दिवशी ओळख पक्की होते. शाकाहारी किंवा जैन जेवणाची सूचनाही तेव्हाच द्यावी. अनेक जहाजांच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत एकट्या प्रवाशांच्या मेळाव्याची वेळ दिलेली असते. पहिल्याच दिवशी तेथे जावे. ओळखीतून सहलीला सोबत मिळते. पैशाचे व्यवहार आणि केबिनचे दार मात्र त्या ओळखीपासून दूर ठेवावे.

निघण्यापूर्वी एक उजळणी

• एकूण खर्चाचे चारही आकडे लेखी मिळाले आहेत.
• दोन कार्डे, परदेशी वापर चालू, मर्यादा ठरवलेली. कार्ड बंद करण्यासाठी बँकेचा क्रमांक कागदावर लिहिलेला.
• हप्ते व देयके यांची सोय झालेली. खात्यांवर नामनिर्देशन नोंदवलेले.
• कागदपत्रांच्या प्रती आणि सफरीचा कार्यक्रम घरी दिलेला.
• विमापत्र वाचलेले, केवळ घेतलेले नव्हे.

पहिल्यांदाच एकट्याने निघणाऱ्याने दोन-तीन रात्रींच्या, देशातल्या देशातच असलेल्या सफरीपासून सुरुवात करावी. त्यात चूक झाली तरी ती स्वस्तात पडते आणि आपल्याला काय जमते हे कळते. सोबत्याची जागा कुठलीही यादी भरून काढू शकत नाही, हे खरेच. पण त्याची कामे वाटून दिलेली असली की डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काळजीला जागा उरत नाही. मावळतीचा समुद्र मग एकट्यालाही पुरेसा होतो.