याकोबाची मजुरी (वाचा: उत्पत्ती ३० व ३१)



पवित्र शास्त्रातला मेंढपाळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र मेंढरे येतात. शेळ्यांना आपण मत्तयच्या २५व्या अध्यायात डावीकडे उभे करतो आणि विसरतो. प्रत्यक्षात तिकडचा कळप मिश्र असे. पास्काचे कोकरू शेळ्यांतूनही घेण्याची मुभा होती (निर्गम १२:५).

हा कळप राखणाऱ्याच्या कष्टांचा हिशेब याकोबाने मांडला आहे. मजुरी म्हणून त्याने लाबानकडे ठिपक्यांच्या शेळ्या आणि काळी मेंढरे मागितली. तिकडे शेळ्या बहुधा काळ्या, मेंढ्या पांढऱ्या. म्हणजे त्याने थोडेच मागितले. लाबान ‘हो’ म्हणाला, आणि त्याच दिवशी तशी सगळी जनावरे वेगळी काढून त्याने आपल्या मुलांच्या हवाली केली! (सासरा असावा तर असा.)

पुढे याकोब त्याला सुनावतो (३१:३८-४०): वीस वर्षे राबलो, तुझ्या शेळ्या गाभडल्या नाहीत, दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने पोळलो, डोळ्याला डोळा लागला नाही, श्वापदाने फाडलेले जनावरही तू माझ्याच माथी मारलेस.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. लाबान मेसोपोटेमियाच्या उत्तर भागातला. त्याच मेसोपोटेमियातील हम्मुराबीच्या कायद्यात (इ.स.पूर्व सुमारे १७५०) सिंहाने जनावर मारल्यास राखणदाराने शपथ घ्यावी आणि नुकसान मालकाने सोसावे, असे आहे. निर्गमच्या २२व्या अध्यायातही फाडलेल्या जनावराचे अवशेष पुरावा म्हणून आणले की राखणदार सुटतो. आमोस संदेष्टा सिंहाच्या तोंडून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा सोडवणाऱ्या मेंढपाळाचे उदाहरण देतो (३:१२), ते या प्रथेच्या प्रकाशात वाचावे. तो तुकडा खाण्यासाठी नव्हे; ती गरीब माणसाची पावती आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय’ ही व्याख्या आम्ही घोकली. त्या कानाच्या तुकड्याशेजारी ठेवली की ती कळते.

आपल्याकडेही शेळी वाट्याने सांभाळायला देतात; करडे निम्मी निम्मी. बिबट्याने शेळी मारली तर वनखाते पंचनामा करून भरपाई देते, पण ती मालकाच्या नावे. रानोमाळ हिंडून तिला वाढवणाऱ्या बाईचा त्या रकमेत वाटा किती, हे शेळी देतानाच ठरवता येते.

या आठवड्यात दोन्ही अध्याय घरी मोठ्याने वाचावेत.