शिकायला गेलेल्या मुलाचे मन आजारी पडले तर



उसाची पाने पिवळी पडू लागली की आपण आधी पाण्याची पाळी वाढवतो, मग युरियाचा डोस देतो. तरी ऊस वाळतच जातो. शेवटी ठोंब उपटून पाहावा तर तो अलगद हातात येतो. मुळे हुमणीने खाल्लेली असतात. रोग एक आणि उपाय दुसराच, असा हा प्रकार. शहरात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मनाच्या आजारातही आपले असेच होते. पोरगं मागे पडलं की आपण रागावतो, नाहीतर जास्त पैसे पाठवतो. मुळाशी काय झाले ते पाहत नाही.

हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. माझा पुतण्या पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला उदासीचा आजार झाला. कॉलेजच्या समुपदेशकांनी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत तो बरा दिसू लागला. दिवाळीला गावी आला तेव्हा त्याच्या पिशवीतली पाकिटे पाहून मीच म्हणालो, "आता चांगला आहेस की! कशाला गोळ्यांची सवय लावून घेतोस?" त्याने माझा मान राखला आणि गोळ्या बंद केल्या. हंगाम ऐन भरात असताना त्याच्या खोलीवरच्या मित्राचा फोन आला, "काका, हा चार दिवस झोपला नाही की धड जेवला नाही. लवकर या." तो फोन आला नसता तर काय झाले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. त्यानंतर मी जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो.

१) आजार ओळखायचा कसा?

मनाचे बरेचसे आजार पंचविशीच्या आतच सुरू होतात. म्हणजे नेमके कॉलेजच्या वयात. झोप उडणे किंवा दिवसभर लोळून राहणे, जेवण सुटणे, वर्गाला न जाणे, घरचा फोन टाळणे, कशातच गोडी न वाटणे, हे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर तो आळस समजू नये. कानात आवाज येणे, सगळे आपल्या वाईटावर आहेत असे वाटणे, किंवा झोप नसतानाही अति उत्साह आणि वारेमाप खर्च, ही लक्षणे असतील तर थांबूच नये.

२) जायचे कोणाकडे?

पहिली पायरी कॉलेजातच असते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये असे निर्देश दिले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. तेव्हा मुलाने कार्यालयात "समुपदेशक कधी बसतात?" असे विचारावे. त्यात लाज कसली?

मात्र एक फरक ध्यानी ठेवा. समुपदेशक बोलून मार्ग दाखवतात, ते औषध लिहून देत नाहीत. औषध देतात ते मनोविकारतज्ज्ञ. ते एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात. कित्येक रुग्णांना दोघांचीही गरज लागते.

खाजगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. पुण्याचे ससून, कोल्हापूरचे सी.पी.आर., मिरजेचे शासकीय रुग्णालय ही आपल्या जवळची. केसपेपर काढून मनोविकार विभाग विचारायचा. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. पहिल्या दिवशी रांगेत वेळ जातो, म्हणून सकाळी लवकर जावे, आणि सोबत मित्र असला तर उत्तम.

३) फोनवरची मदत

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येते. मुलाला आपल्याशी बोलायचा संकोच वाटत असेल तर हा क्रमांक त्याला द्या. काय करावे हे कळत नसेल तर आई-वडिलांनीही लावावा.

४) कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अठरा वर्षांपुढील मुलगा-मुलगी स्वतः जाऊन उपचार घेऊ शकतात, वडिलांची सही लागत नाही. मुलाने आपल्याला आधी सांगितले नाही म्हणून चिडू नका. तो डॉक्टरांकडे गेला, हेच मोठे. आरोग्य विम्यातही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरावे, असे हा कायदा सांगतो.

५) औषधांबाबत

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. लागण केली आणि आठवड्यात तोड मागितली, असे चालत नाही. या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण अचानक सोडल्या तर त्रास होतो आणि आजार उलटू शकतो. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते, म्हणून त्या डॉक्टर सांगतील तितक्याच दिवस घ्याव्यात. बरे वाटू लागले तरी गोळी कधी आणि कशी कमी करायची, हे डॉक्टरच ठरवतील. चुलत्याने ठरवू नये!

सुट्टीला येताना मुलाने पुरेशा गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आणावी. घरी मुक्काम लांबला तर तीच चिठ्ठी दाखवून जवळच्या तज्ज्ञांकडे उपचार पुढे चालू ठेवावा.

६) जिवाचा धोका वाटला तर

मूल मरणाची भाषा करू लागले तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. "जीव द्यावासा वाटतो का रे?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. आपल्या घरात कीटकनाशके आणि तणनाशके असतात, ती त्याच दिवशी कुलपात घाला, नाहीतर दुसरीकडे हलवा. वेळ आलीच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानले जाते आणि त्याला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. पोलीस केसच्या भीतीने दवाखान्याला उशीर करू नका.

माझ्या पुतण्याचे एक वर्ष गेले. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, पुढच्या वर्षी तो परीक्षेला बसला आणि पास झाला. आता दर महिन्याला मी त्याला फोन करतो तेव्हा मार्क विचारत नाही. "झोप लागते का? गोळ्या आहेत का, की संपल्या?" एवढेच विचारतो.

हा अंक वाचून झाला की घरातल्या कॉलेजला जाणाऱ्याच्या हाती द्या. द्यायचा, आणि वर एकच वाक्य बोलायचे : "कधी काही वाटलं तर सांग, आम्ही रागावणार नाही."